पीएचडीसाठी बाहेर जाताना आधी गाइड बघ

विद्यापीठांच्या क्रमवारीची यादी जरा बाजूला ठेव. ज्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढायची, त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर नीट वाच आणि मगच मेल कर. मेल छोटा हवा: मास्टर्सच्या प्रबंधात काय केलंस, त्यांच्या कोणत्या निष्कर्षाच्या पुढे तुला जायचंय, बस. सगळ्यांना एकच साचेबंद मेल पाठवू नकोस, तो लगेच ओळखू येतो. त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशीही बोल. गाइड खरंच वेळ देतात का, ते तेच सांगतील.

जर्मनीत पीएचडी बऱ्याचदा पगारी नोकरी असते, जाहिरात वर्षभरात कधीही निघते. अमेरिकेत बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास, आणि 5-6 वर्षं धरूनच चाल. मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (युरोपियन युनियनच्या पैशांवर चालणारी पीएचडीची योजना) मात्र यजमान देशात मागच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. मास्टर्स तिथेच केलं असेल तर हे आधी तपास. शिफारसपत्रांचं आजच बोलून ठेव.