मशीद बंदरापासून सुरू होणारी ज्यू मुंबई

प्रश्न : आम्ही काही निवृत्त सहकारी मुद्दाम पुण्याहून येऊन मुंबईच्या ज्यू वारशाच्या एका मार्गदर्शित पदभ्रमंतीत सहभागी झालो. मार्गदर्शक अभ्यासू होते. परंतु अडीच तासांत काळा घोडा परिसराबाहेर पाऊल पडले नाही आणि ससून घराण्यापलीकडे कोणाचे नाव निघाले नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्याजवळ एक ज्यू कुटुंब राहत असे. त्यांचे आडनाव कोकणातल्या गावावरून आलेले होते आणि ते घरात मराठीच बोलत. त्यांचा या वारशाशी काही संबंध नाही का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संबंध आहे, आणि तो ससून घराण्याच्या आगमनापेक्षा जुना आहे. मुंबईतील ज्यूंमध्ये मुख्यतः दोन निरनिराळे समाज होते, ही गोष्ट अशा फेरीत पहिल्या पाच मिनिटांत सांगितली गेली पाहिजे. पहिला समाज बेने इस्राएलांचा. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शेकडो वर्षे वास्तव्य केलेला हा मराठीभाषक समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करीत असे आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी घाणा बंद ठेवत असल्यामुळे 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाई. दुसरा समाज बगदादी ज्यूंचा. डेव्हिड ससून (१७९२–१८६४) हे १८३२ मध्ये मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांच्यामागोमाग बगदाद, बसरा व आसपासच्या शहरांतील अनेक कुटुंबे येथे आली. त्यांची घरातील भाषा अरबी होती आणि पुढच्या पिढ्यांनी इंग्रजी जवळ केली. मराठी त्यांच्यासाठी बाजारापुरतीच राहिली. दोन्ही समाजांचा धर्म एक असला, तरी बगदादी मंडळींनी बेने इस्राएलांपासून अंतर राखले. त्यांची प्रार्थनास्थळे वेगळी होती, आणि दफनभूमीही वेगळी असावी असा त्यांचा आग्रह होता.

तुमच्या शेजाऱ्यांचे आडनाव नेमके कोणते, हे तुम्ही लिहिलेले नाही. परंतु ते पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर, चौलचे चेऊलकर किंवा नवगावचे नवगावकर यांपैकी काहीतरी असण्याची शक्यता बरीच आहे. समाजाच्या परंपरेनुसार अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जण वाचले. ही घटना कोणत्या शतकात घडली याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र शब्बाथ, सुंता, आहाराचे निर्बंध आणि 'शेमा' ही मूळ प्रार्थना या समाजाने जपली, हे सर्वमान्य आहे. बाकीचे आयुष्य मराठी वळणाचे झाले. त्यांच्या सणांची जुनी नावे पाहा : रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा 'नव्याचा सण', सुक्कोथ या मांडवांच्या सणाच्या सुमाराचा 'खिरीचा सण', आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक ज्या दिवशी पाळतात तो 'बिरड्याचा'. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दुःखाची आठवण वालाच्या बिरड्यात ठेवणारा ज्यू समाज जगात दुसरा कोठे असेल असे मला वाटत नाही.

मग फेऱ्या ससूनांभोवतीच का घुटमळतात? कारण सरळ आहे : ससूनांनी दगडी इमारती मागे ठेवल्या आणि त्यांतील बऱ्याच एकमेकींपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. मालाडच्या दगडात बांधलेले आणि १८७० मध्ये पूर्ण झालेले डेव्हिड ससून ग्रंथालय, त्यामागील गल्लीत डेव्हिड यांचे नातू याकोब ससून यांनी १८८४ मध्ये उभारलेले केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ), आणि ज्याच्यावरून परिसराला नाव पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, जो डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी शहराला दिला होता आणि जो १९६५ पासून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. (सध्या त्या जागी उभा असलेला स्वाररहित घोडा २०१७ चा आहे.) हे सारे पाहण्यासारखेच आहे. माझी तक्रार निराळी आहे. या घराण्याच्या दानशूरतेविषयी भरभरून बोलले जाते. परंतु त्या संपत्तीचा मोठा भाग चीनला होणाऱ्या अफूच्या व्यापारातून आला होता, हे वाक्य बहुतेक वेळा गाळले जाते. पुण्याचे ससून रुग्णालय आणि 'लाल देऊळ' म्हणून परिचित असलेले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्याच्या आवारात डेव्हिड ससून यांची समाधी आहे, ही दोन्ही तुमच्याच शहरात असल्यामुळे हा हिशेब पुणेकरांनीही समजून घ्यावा.

पुन्हा आलात, तर कालक्रमाने चाला, असे सुचवितो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून लोकलने एकच स्थानक पुढे मशीद येथे उतरा आणि सॅम्युअल स्ट्रीटच्या भागात १७९६ मध्ये स्थापन झालेले शआर हारहमीम, म्हणजे 'दयेचे द्वार', पाहा. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग. इमारत बाहेरून साधी आहे आणि कागदाच्या व सुक्या मेव्याच्या गोदामांच्या गर्दीत ती चुकण्याचीच शक्यता अधिक. तेथून पुन्हा गाडी पकडून भायखळ्याला जा. १८६० च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड ससून यांनी बांधलेले आणि १९१० मध्ये वाढविलेले मागेन डेव्हिड सिनेगॉग येथे आहे. त्याचा घड्याळाचा मनोरा पाहून अनेकांना ते चर्च वाटते. आवारातल्या ससूनांच्या शाळेत आज बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत, ही गोष्ट तेथील कोणालाही विशेष वाटत नाही. डेव्हिड ससून ज्या 'साँ सूसी' नावाच्या बंगल्यात राहत, तेथे आज मसिना रुग्णालय आहे. काळा घोडा शेवटी ठेवा. दिवसभर चालल्यानंतर ग्रंथालयासमोरच्या पदपथावर थोडे टेकताही येते.

प्रश्न : मशीद स्थानकाचे नाव मशिदीवरून नव्हे तर ज्यू प्रार्थनास्थळावरून पडले, असे मी ऐकले. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बेने इस्राएल समाज आपल्या प्रार्थनास्थळाला बोलण्यात 'मशीद' म्हणत असे, ही गोष्ट निश्चित आहे. १७९६ चे सिनेगॉग 'जुनी मशीद' आणि त्याच परिसरात १८४० मध्ये उभे राहिलेले शआरे रासोन 'नवी मशीद' म्हणून ओळखले जाई. भोवतालच्या वस्तीला इस्राएल मोहल्ला असे नाव होते. स्थानकाचे नाव या 'जुन्या मशिदी'वरून आले, अशी समाजाची पक्की धारणा आहे व मुंबईच्या इतिहासाविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी ती स्वीकारली आहे. आसपास मुस्लिमांच्या मशिदीही असल्यामुळे हा वाद संपण्यासारखा नाही. मात्र मला ही धारणा पटते.

या सिनेगॉगची कथा मात्र फेरीत अवश्य विचारावी. संस्थापक सॅम्युअल एझेकिएल दिवेकर, ज्यांना मराठीत सामाजी हसाजी म्हणत, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. जात विचारली असता त्यांनी 'बेने इस्राएल' असे उत्तर दिले आणि कुराणात या लोकांचा उल्लेख आहे हे जाणून टिपूच्या आईने त्यांना अभय मिळवून दिले, असे परंपरा सांगते. सुटका झाल्यास सिनेगॉग बांधण्याचा नवस त्यांनी केला होता व तो फेडला. दस्तऐवजाच्या कसोटीवर ही कथा किती उतरते, ते बाजूला ठेवू. नवस बोलणे आणि तो फेडणे, ही तिची घडण किती आपली आहे, ते लक्षात घ्यावे.

प्रश्न : सिनेगॉगमध्ये इतर धर्मीयांना प्रवेश असतो का? जाताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : प्रवेश असतो, मात्र तो गृहीत धरू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउसवर, तेथील ज्यू केंद्रावर, झालेल्या हल्ल्यानंतर सर्वत्र बंदोबस्त असतो. म्हणून आधी परवानगी घ्यावी, मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे आणि पोलीस चौकीची छायाचित्रे काढू नयेत. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ असल्यामुळे पर्यटक म्हणून जाणे टाळावे. रविवारची सकाळ सर्वांत सोयीची, कारण फोर्ट आणि मशीद बंदर हे दोन्ही भाग तेव्हाच मोकळा श्वास घेतात. पुरुषांनी डोके झाकावे. टोपी नसल्यास मोठा रुमालही चालतो.

आत गेल्यावर तीन गोष्टी शोधा. जेरुसलेमच्या दिशेची, म्हणजे मुंबईत पश्चिमेकडची, भिंत. तिच्यातील हेखाल नावाचे पडद्याआडचे कपाट, ज्यात सेफेर तोराच्या, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाच्या, हस्तलिखित गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. आणि मध्यभागी असलेला, कठड्याने वेढलेला तेबा, जेथे उभे राहून हझान, म्हणजे प्रार्थना चालविणारे, प्रार्थना म्हणतात. जुन्या इमारतींत स्त्रियांसाठी वरच्या मजल्यावर सज्जा असतो. तोराच्या मजकुराला हाताने स्पर्श करीत नाहीत. वाचतानासुद्धा दर्शक काठी वापरतात. तेव्हा कुतूहलापोटी हात पुढे करू नये. आणखी एक विनंती : ज्या दिवशी दहा प्रौढ पुरुष जमणे कठीण, त्या दिवशी सामूहिक प्रार्थनेतील काही भाग म्हणताच येत नाहीत. अशा ठिकाणी चाळीस जणांचा घोळका छायाचित्रे काढीत फिरतो, तेव्हा ते दृश्य कसे दिसत असेल, याचा विचार आपणच करावा.

प्रश्न : सात रस्त्याच्या जेकब सर्कलचे नाव ज्यू व्यक्तीवरून आहे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही. ते एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याचे नाव होते, आणि आता तो संत गाडगे महाराज चौक आहे. परंतु तुमचा अंदाज अगदीच वाया गेला नाही, कारण याच परिसरात बेने इस्राएलांचे तिफेरेथ इस्राएल सिनेगॉग आहे. येथून जवळ असलेल्या महालक्ष्मी स्थानकापासून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग मात्र खरोखरच ज्यू व्यक्तीच्या नावाचा आहे. डॉ. एलिजा मोझेस हे बेने इस्राएल समाजाचे होते आणि १९३७ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. त्याच बाजूला समाजाची दफनभूमी आहे व तेथील थडग्यांवर हिब्रू, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांतील मजकूर वाचता येतो.

प्रश्न : हे सर्व इमारतींविषयी झाले. माणसे उरली आहेत का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : उरली आहेत आणि त्यासाठी तुम्हाला मुंबईत येण्याचीही गरज नाही. ठाण्यातील शआर हाशामाईम हे १८७९ चे सिनेगॉग आज मुंबईतील बऱ्याच सिनेगॉगपेक्षा गजबजलेले असते. भाडी परवडेनाशी झाल्यावर अनेक कुटुंबे मध्य रेल्वेच्या मार्गाने तिकडे सरकली, जशी लालबाग-परळची सरकली. एकेकाळी सुमारे २०,००० असलेल्या बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य १९४८ नंतर इस्रायलला गेले व तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. महाराष्ट्रात आता काही हजार उरले असून, राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बगदादी मंडळी तर बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. फेरी आयोजित करणाऱ्यांनी समाजातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला मानधन देऊन सोबत घ्यावे, असे मी नेहमी सांगतो. नारळाच्या दुधातला चिकाचा हलवा कोणत्या सणाला आणि का होतो, हे दगडी भिंतींना विचारून कळत नाही.

प्रश्न : मुंबईच्या फेरीला जोडून अलिबागला जाता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अवश्य, माझ्या मते तेच खरे उगमस्थान आहे. गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोट जाते, पावसाळ्यात मात्र ती बंद असते. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ चे मागेन आबोथ सिनेगॉग आहे. तेथून नवगावला जाऊन पूर्वजांच्या दफनस्थळाचे स्मारक पाहावे. वेळ असल्यास खंडाळ्याला जावे. हे लोणावळ्याशेजारचे खंडाळा नव्हे, तर अलिबाग तालुक्यातले छोटे गाव आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला नीट सांगावे. एलियाहू हन्नाबी म्हणजे प्रेषित एलियाहू येथून स्वर्गाकडे गेले अशी समाजाची श्रद्धा असून, खडकावरील खुणा त्यांच्या रथाच्या मानल्या जातात. नवस फेडायला येणारी कुटुंबे येथे मलिद्याचे ताट मांडतात. त्यात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे आणि फळे असतात. असा एखादा कार्यक्रम चालू असेल, तर थोडे दूर उभे राहावे. बोलावल्याशिवाय पुढे होऊ नये, आणि बोलावले तर प्रसाद नाकारू नये.