किटवर फिकट दुसरी रेघ आणि मग डाग: पाळी आली की दिवस गेले होते?

पाळी सहा दिवस लांबल्यावर किटवर दुसरी रेघ फिकट आली, तिसऱ्या दिवसापासून तपकिरी डाग पडत आहेत आणि घरातले म्हणतात की ही पाळीच आहे, तर पुन्हा किट आणून बघावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी प्रसूती विभागात २२ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. माझे उत्तर असे की दुसरे किट आणू नका. आज किंवा उद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

किट लघवीतील एचसीजी हे संप्रेरक ओळखते आणि ते गर्भ रुजू लागल्यावरच, म्हणजे बीज सुटल्यानंतर साधारण ६ ते १२ दिवसांनी तयार होऊ लागते. म्हणून पाकिटावर लिहिलेल्या वेळेत, बहुधा पाच मिनिटांत, गुलाबी छटेची रेघ उमटली असेल तर ती फिकट असली तरी होकारच समजावा. उशिरा दिसलेल्या रेघेचे मात्र तसे नाही. एक बाई रात्री तपासलेले किट सकाळी पाहून रुमालात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आली होती. त्यावर राखाडी, रंगहीन रेघ होती. ती लघवी वाळल्याची खूण निघाली आणि नव्या तपासणीत दिवस गेलेले नव्हते. तुम्ही रेघ किती मिनिटांनी पाहिली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चारपैकी एका गर्भवतीला थोडाफार रक्तस्राव होतो आणि त्यांपैकी अनेकींची गर्भधारणा पुढे सुरळीत चालते. तपकिरी रंग म्हणजे जुने रक्त, हेही खरे. पण गर्भ कुठे रुजला आहे, हे किटला कधीच कळत नाही. तो गर्भनळीत राहिला असला तरी किटवर दोनच रेघा येतात आणि त्यातही सुरुवातीला असेच थोडे थोडे डाग पडतात. म्हणूनच ‘पाळीच आहे’ हे वाक्य ऐकले की मला धास्ती वाटते. किटवर दोन रेघा आलेल्या असताना एका मुलीने डाग पडू लागल्यावर औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या घेतल्या, रक्त गेले म्हणून सगळे निवांत झाले आणि पाचव्या दिवशी तिला आमच्याकडे आणले तेव्हा ती घामाने चिंब होती, नाडी जेमतेम लागत होती आणि ती सारखी उजवा खांदा दुखतो म्हणत होती. नळी फुटून पोटात रक्त साचले की खांदा असा दुखतो. तातडीने शस्त्रक्रिया झाल्यामुळे ती वाचली. गर्भपाताच्या गोळ्यांचा नळीतील गर्भावर उपयोग होत नाही, म्हणून सोनोग्राफीशिवाय कोणतीही गोळी घेऊ नका, ‘पाळी येण्याची’ म्हणून मिळणारीही नाही.

डॉक्टर बहुधा रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे त्याच संप्रेरकाचे नेमके प्रमाण, तपासतील आणि ४८ तासांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगतील. एकाच आकड्यावरून फारसे कळत नाही. तो किती वाढला, थबकला की उतरला, यावर सारे अवलंबून असते. निरोगी गर्भधारणेत सुरुवातीच्या आठवड्यांत तो साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास आणि ठोके सहाव्या आठवड्यानंतर दिसतात, आणि हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुमची पाळी मागेपुढे होत असेल तर पहिल्या वेळी काहीच न दिसणे शक्य आहे. अशा वेळी पोटदुखी नसेल तर आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा पाहतात. पुन्हा किट लावून यातले काहीच कळणार नाही, कारण गर्भ पडून गेल्यावरही काही आठवडे दोन रेघा येऊ शकतात.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण तुम्ही मनात धरली असेल. पपई खाल्ली, जिना चढला, कळशी उचलली म्हणून हे झाले, असे कोणी म्हटले तर मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो आणि त्यात आईची काहीही चूक नसते.

पोटात एका बाजूला दुखू लागले, चक्कर आली, खांदा दुखला किंवा तासाला एक याप्रमाणे सलग दोन तास पॅड पूर्ण भिजले, तर उद्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि एकटीने निघू नका. जाताना शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या आणि रक्तगटाचा कागद सोबत ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते सुरुवातीलाच सांगा, म्हणजे अँटी-डीचे इंजेक्शन (आईचे शरीर पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध जाऊ नये म्हणून देतात ते) द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना वेळेत ठरवता येईल.