हॉलमधले फोटो हलतात? लेन्स बदलण्याआधी शटर स्पीड बघा

कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स, ए मोड (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००वर पक्का, हॉलमधला साखरपुडा, निम्मे फोटो हललेले आणि दुकानदार म्हणतो लेन्स बदला. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. इतक्यात पैसे घालवू नका.

५५वर, म्हणजे पूर्ण झूम केल्यावर, या लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओही तुम्ही बांधून टाकलात, मग कॅमेऱ्याच्या हातात उरतं फक्त शटर, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. ते तो पार १/८ सेकंदापर्यंत खाली आणतो, आणि तेवढ्यात अंगठी घालणारा हात हलतोच. तोच उजेड, तेच अ‍ॅपर्चर ठेवून आयएसओ १६०० केलात तर १/८चं १/१२५ होतं, ३२००ला १/२५०.

एका सर्व्हिस सेंटरनं याच तक्रारीवर माझी लेन्स ठेवून घेतली, साफसफाईचं बिल लावलं आणि होती तशी परत दिली. शटर स्पीड किती होता, एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही! प्रत्येक फोटोच्या माहितीत तो आकडा असतो, म्हणून जास्त चीड येते.

तुम्हीच तपासा. फोटो १००% मोठा करा. भिंतीवरच्या सजावटीसकट सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसलं तर तुमचा हात हलला. सजावट स्वच्छ आणि फक्त माणसं पुसट, तर माणसं हलली. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे कामाचं नाही, ते फक्त तुमच्या हाताची थरथर सावरतं. मागचा पाहुणा स्पष्ट आणि नवरी धूसर असेल तर फोकस चुकला, एकच फोकस पॉइंट निवडून डोळ्यावर ठेवा.

‘आयएसओ वाढवू नका, फोटोत दाणे येतात’ (म्हणजे बारीक ठिपके) या सल्ल्यानं नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, हे माझं ठाम मत. दाणे सॉफ्टवेअरनं बरेच कमी होतात. हललेला चेहरा परत येत नाही. काळपट फोटो नंतर उजळलात तरी दाणे दिसतातच.

ऑटो आयएसओ (कॅमेराच आयएसओ ठरवतो) चालू करा, कमाल ६४००, किमान शटर १/१२५, नाच असेल तर १/२५०. किमान शटरचा पर्याय नसेल तर एस मोड (शटर तुम्ही ठरवता) वापरा. हॉल फारच अंधारा असेल तर हे आकडे पुरणार नाहीत, तिथे फ्लॅश छताकडे वळवा. छत पांढरं आणि फार उंच नसेल तरच.

एलईडीखाली आडवे पट्टे आले तर १/१०० करून बघा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आणि व्ह्यूफाइंडरमधले आकडेच अंधुक दिसत असतील तर त्याच्या शेजारचं छोटं चाक फिरवून ते आधी तुमच्या नजरेला जुळवून घ्या.