काखेत कळसा

प्रिय डॉक्टर,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण चिडून काहीतरी लिहिलं जाईल अशी भीती वाटली. थोडा चिडलेला अजूनही आहे. तेवढं सांभाळून घे.

महाशिवरात्रीच्या रात्री एकोणीस वर्षांचा पोरगा आणला. मित्र म्हणाले, भांग जास्त झाली. तू सलाईन लावलंस आणि उतरायची वाट बघत बसलास. पहाटे त्याचं अंग तापलं, तो भिंतीवरच्या माणसांशी भांडायला लागला, तेव्हा केसपेपरवर ‘तीव्र मनोविकार?’ असं लिहून तू त्याला जिल्ह्याला पाठवलंस. पोरगा तिसऱ्या दिवशी चांगला होऊन घरी आला. भांग घोटताना कुणीतरी धोतऱ्याचं बी टाकलं होतं, हे तुला आशाताईकडून कळलं. आता तू मला विचारतोस की यावर कुठलं पुस्तक वाचू, आणि त्या पोराला त्या रात्री नक्की काय दिसत असेल. चार पानी पत्रात त्याची बडबड शब्दाशब्दाने लिहिली आहेस. त्याची काख ओली होती की कोरडी, ते मात्र एका ओळीतही नाही.

पुस्तकाचं नंतर बघू. आधी काखेत हात घालायला शीक.

शीक म्हणतो, पण तुला ते येतं. कापसाच्या हंगामात फवारणीचं विष भिनलेला शेतकरी आला की तू उतारा म्हणून ॲट्रोपिनच्या ०.६ मिलिग्रॅमच्या कुप्या एकामागून एक फोडतोस. छाती मोकळी झाली का ते ऐकतोस, नाडी बघतोस, काख कोरडी झाली का ते बोटांनी चाचपतोस. हात जरा सैल सुटला आणि ॲट्रोपिन जास्त झालं, की तोच शेतकरी पहाटे चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो. हे तू डोळ्यांनी पाहिलं आहेस. धोतऱ्याचा पेशंट म्हणजे हाच माणूस. त्याला ॲट्रोपिन तुझ्याऐवजी झाडाने दिलं, आणि झाड मोजून देत नाही. एका बोंडातलं बी आणि दुसऱ्या बोंडातलं बी सारखं नसतं, कोवळं पान आणि जून पान सारखं नसतं. म्हणून ‘किती खाल्लं’ या प्रश्नाच्या उत्तरावर कधी विसंबू नकोस. अंगच सांगेल.

हायोसायमिन, ॲट्रोपिन, स्कोपोलामिन ही धोतऱ्यातली तिन्ही द्रव्यं एकच उद्योग करतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती ॲसिटिलकोलीनची, म्हणजे मज्जातंतूंचा निरोप पोचवणाऱ्या द्रव्याची, जागा आधीच अडवून ठेवतात. मग लाळ सुटत नाही, गिळताना घशात घास अडकतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं दिसेनासं होतं. आतडं गप्प होतं, मूत्राशय भरूनही रितं होत नाही, नाडी धावते. घामाच्या ग्रंथींना निरोप पोचत नाही, म्हणून अंग लालबुंद, कोरडं आणि तापलेलं. लहान मुलांत हा ताप फार वर जातो. मेंदूतही हीच जागा अडवली जाते, आणि तिथून तुझी ती भिंतीवरची माणसं येतात.

भांगेचं तसं नाही. तिच्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, वेगळ्याच जागी बसतं. ते १९६४ साली इस्राएलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. पुढे १९९२ साली मेशुलामच्याच प्रयोगशाळेत आपल्या शरीरातलं त्याच जागेवर बसणारं द्रव्य सापडलं आणि त्याला ‘आनंद’ या आपल्या शब्दावरून ॲनंडामाइड असं नाव दिलं. भांग प्यायलेल्याचे डोळे लाल होतात, तोंड सुकतं, नाडी वाढते, पाच मिनिटांचा तास होतो. तो हसत सुटतो नाहीतर घाबरतो, ‘मी मरतोय का’ म्हणून दहादा विचारतो. पण आपण भांग प्यायलोय हे बहुतेक वेळा त्याला माहीत असतं. धोतऱ्याच्या माणसाला काहीच माहीत नसतं. तो नसलेली विडी पेटवतो, झुरका घेतो, राख झटकतो, आणि विडी हातातून पडली म्हणून पलंगाखाली शोधतो. त्याच्या लेखी ती विडी खरी असते.

तोंड दोन्हींत सुकतं आणि नाडीही दोन्हींत धावते. भांगवाल्याची काख एवढी कोरडी पडत नाही. धोतऱ्याची काख कोरडीठाक. काखेत हात घाल.

आता माझं ऐक. हे मी फार कमी जणांना सांगितलं आहे.

१९८३ साल. मी सव्वीस वर्षांचा, मराठवाड्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा. रात्री अकराच्या सुमाराला बैलगाडीतून एक बाई आणली, वय पस्तिशीच्या आसपास, हात कासऱ्याने बांधलेले. सासू म्हणत होती, बाहेरचं लागलंय. वीज गेलेली होती. मी हात सोडायला लावले. सोडल्याबरोबर बाई उजव्या हाताच्या चिमटीने डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांतून दोरा ओढायला लागली. ओढायची, दाताने तोडायची, टोक ओलं करायला जिभेला लावायची, एक डोळा बारीक करून नसलेल्या सुईत ओवायची. ती गोधड्या शिवणारी बाई आहे हे मला नंतर कळलं. कंदील धरून मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो. त्या पाच मिनिटांत तिच्या अंगाला हात लावला नाही.

मग तिने आरडाओरडा केला म्हणून मी क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचं इंजेक्शन दिलं. ते औषध स्वतःच थोडंफार ॲट्रोपिनसारखं वागतं. आगीत तेल मीच ओतलं. पहाटेपर्यंत ती तापाने फणफणली, ओटीपोट फुगून बेंबीपर्यंत आलं. ते तुंबलेलं मूत्राशय आहे हे जिल्ह्याच्या नर्सने ओळखलं, मी नाही. मी चिठ्ठीवर ‘वेडाचा झटका’ लिहिलं, तिला जीपमध्ये घातलं आणि काखा वर केल्या.

तिला दमा होता. कुणीतरी धोतऱ्याची पानं उकळून प्यायला सांगितली होती. सांगणाराही अगदीच अडाणी नव्हता बघ. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायची रीत आपल्याकडे जुनीच. १८०२ साली जनरल जेंट नावाच्या अधिकाऱ्याने ती मद्रासहून ब्रिटनला नेली. आजही दम्यावरच्या आयुर्वेदिक कनकासवात धोतरा असतो, आणि तुझ्या नेब्युलायझरमधलं इप्राट्रोपियम ॲट्रोपिनपासूनच घडवलेलं आहे, मेंदूत सहसा शिरू नये अशा बेताने. पोटातल्या मुरड्यावर तू देतोस ते हायोसीनही याच घरातलं. म्हणून गावात जाऊन धोतरा उपटून टाका असली भाषणं देऊ नकोस. ते फूल शंकराला वाहिलं जातं, पान गणपतीच्या पत्रीत असतं, ते राहणारच.

बाई तीन दिवसांत शुद्धीवर आली. चिठ्ठी मात्र तिच्या घरी पोचली. सरकारी डॉक्टरने लिहून दिलंय वेडी आहे म्हणून, एवढं नवऱ्याला पुरलं. ती माहेरी गेली ती गेलीच. सात-आठ वर्षांनी आठवडी बाजारात गोधड्या विकताना दिसली. तिने मला ओळखलं नाही. ओळखणार कशी? धोतरा त्या रात्रीची आठवण बनूच देत नाही. तो दोरा आता एकट्या माझ्याच लक्षात आहे.

तू म्हणशील, अंधार होता, तुम्ही काय करणार. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगितलं, आणि ते खोटंही नाही. कंदिलाच्या उजेडात कुणाचीही बाहुली मोठीच दिसते. प्रयोगशाळा नव्हती, फोन नव्हता, वरिष्ठ चाळीस किलोमीटरवर. माझ्या जागी दुसरा असता तर त्यानेही तेच केलं असतं, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. फक्त काखेला उजेड लागत नाही. तिथे माझी बाजू संपते, आणि म्हणून मी या एका गोष्टीवर एवढा अडून बसतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपण कितीदा ऐकतो. मी तो वळसा अक्षरशः जीपने घातला.

म्हातारं माणूस असेल, उन्हाने सुकलेला मजूर असेल, तर काख आधीच कोरडी असते. तेव्हा पुढे जा. बॅटरीने बाहुली आक्रसते का बघ, पोटावर स्टेथो ठेवून आतडं बोलतंय का ऐक, ओटीपोट दाबून बघ. लघवी तुंबली असेल तर नळी घाल, निम्मी तडफड तिथेच थांबते. ओल्या फडक्याने अंग पूस, अंधुक शांत खोली दे, आवरत नसेल तर शांत करायला डायझेपाम. यावरचा खरा उतारा फायसोस्टिग्मिन. तोही झाडाचाच, आफ्रिकेतल्या कॅलबार बीचा, पण आपल्याकडे तो हाताशी नसतो. कपाटात त्याचंच भावंड निओस्टिग्मिन आहे म्हणून ते टोचू नकोस. ते मेंदूत शिरत नाही.

त्या पोराला काय दिसलं, हे तू त्याला विचारून आलास आणि तो काहीच सांगू शकला नाही, याची तुला हुरहुर लागली आहे. सोड ती. तुझं कुतूहल मला समजतं, मीही कंदील धरून तेच बघत उभा होतो. पण आता विचारू नकोस. तो आठवायचा प्रयत्न करेल, आठवणार नाही, आणि आपण खरंच वेडे झालो होतो की काय असं त्याला वाटत राहील.

सरकारी सेवेच्या बंधपत्राचे सात महिने उरलेत, पैसे भरून सुटतो, असंही शेवटी लिहिलं आहेस. त्यावर मी काही बोलणार नाही. सुटायचं तर सूट, पण त्याआधी एक काम कर. तुझं हे पत्र मी ज्या ओळीपाशी थांबून चार दिवस बाजूला ठेवलं, ती ओळ ‘तीव्र मनोविकार?’ ही आहे. प्रश्नचिन्ह टाकलंस म्हणून समाधान मानू नकोस, घरचे लोक प्रश्नचिन्ह वाचत नाहीत. उद्या सकाळी ओपीडीच्या आधी त्या पोराच्या घरी जा. नवा कागद घे. ‘धोतऱ्याच्या बियांची विषबाधा, पूर्ण बरा, मनोविकार नाही’ असं मराठीत, सुट्या अक्षरांत लिही. सही कर, तारीख घाल, शिक्का मार आणि तो कागद त्याच्या आईच्या हातात दे. जिल्ह्याच्या केसपेपरवरही तीच दुरुस्ती करून घे. झालं की मला फोन कर, रात्री कितीही वाजता.

तुझे सर