वेणी हेल्मेटच्या आत

प्रश्न : ताई, माझं वय ४६. ऑफिसातल्या मुली जुलैत भिवपुरीला धबधब्यातलं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, करायला निघाल्यात आणि माझंही नाव परस्पर घालून मोकळ्या झाल्यात. मला चाळीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी गरगरतं. पोहता येत नाही. वजन ८२ किलो. दोर पेलेल का? आणि वर गेल्यावर पाय लटपटले तर?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : आधी वजनाचं. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, हातात घेऊन बघा, त्यावर ताकद कोरलेली असते. २२ केएन (किलोन्यूटन) म्हणजे लांबीच्या दिशेनं साधारण सव्वादोन हजार किलोचा ताण. तुमचे ८२ त्यात कुठल्या कुठे हरवतील. दोर किती जाड, यापेक्षा तो कशाला बांधलाय ते विचारा. अँकर, म्हणजे दोर जिथे पक्का अडकवतात ते आधार, किमान दोन हवेत, एकमेकांवर अवलंबून नसलेले. शिवाय तुमच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) आणखी एक दोर, बिलेचा म्हणजे सुरक्षेचा, आणि तो दुसऱ्या माणसाच्या हातात. म्हणजे तुमचा हात सुटला तरी तो माणूस तुम्हाला धरून ठेवतो. हे विचारल्यावर जो आयोजक ‘मॅडम, टेन्शन नका घेऊ’ एवढंच म्हणतो, त्याच्याबरोबर जाऊ नका. २०२१ पासून राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तीही विचारा. राग आला तर येऊ दे.

पोहायची गरज उतरताना नसते. खाली कुंड किती खोल आहे आणि तिथे कोण उभं आहे, एवढं विचारून ठेवा. कुंड खोल असेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या.

गरगरतं ते पहिल्या दोन पावलांपुरतं. पाठ दरीकडे करून मागे रेलायचं असतं आणि मन म्हणत असतं, कातळाला मिठी मार. मिठी मारली की पाय सटकलेच. पाय खांद्याइतके फाकवलेले, तळवे कातळावर सपाट, गुडघे किंचित वाकलेले. खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. उजवा हात कमरेच्या मागे, दोर धरून, ब्रेक तोच. नवखा माणूस घाबरला की दोन्ही हातांनी डिसेंडरच्या (हार्नेसला लावलेलं, दोर ज्यातून सरकतो ते धातूचं साधन) वरचा दोर आवळतो. त्यानं काहीही थांबत नाही, फक्त दंड भरून येतात.

कोरड्या कातळावर वरच्याचं बोलणं ऐकू येतं. धबधब्यात शिट्टीसुद्धा जेमतेम. म्हणून खुणा आधी ठरवून घ्या. डोक्यावर धार आली की हनुवटी छातीला लावायची. हेल्मेटच्या कडेखाली श्वासापुरती जागा मिळते. जीन्स नको, भिजली की मांड्या सोलवटते. अंगठ्या घरी.

आणि केस! १९९८ साली माझी वेणी डिसेंडरमध्ये ओढली गेली. धारेखाली मी वीसेक मिनिटं लटकत होते. शेवटी दुसऱ्या दोरावरून इन्स्ट्रक्टर उतरला, चाकू काढला आणि माझं मत न विचारता चार बोटं वेणी कापून मला मोकळं केलं. आई आठवडाभर बोलली नाही. धबधब्यात गेले म्हणून नव्हे, केसांसाठी. तेव्हा वेणी आत, ओढणी पिशवीत.

पाय लटपटले तर ‘नको’ म्हणा आणि हार्नेस काढून पायवाटेनं खाली या. मी हे दोनदा केलंय. मुली हसल्या तर पुढल्या महिन्याचे त्यांचे टीए बिल तुमच्याच टेबलावर येणार आहेत.

प्रश्न : प्रशासनानं धबधब्यांवर बंदी घातली, पण आमचा आयोजक म्हणतो, गावातल्या ओळखीनं आतल्या वाटेनं नेतो. जावं का?
– वाचक, भांडुप

उत्तर : नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते दोरावर नव्हते, पाण्यात उभे होते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा येऊ लागला की मिनिटं मोजायचीही सवड नसते. पैसे परत मागा.

प्रश्न : बारा वर्षांच्या लेकीला पावसाळी जंगल दाखवायचंय. आंबोलीला जळवा फार असतात का हो?
– एक बाबा, परळ

उत्तर : असतात. आणि असाव्यातच. तिथे वर्षाला मुंबईच्या जवळजवळ तिप्पट पाऊस पडतो. रात्री गाइडबरोबर टॉर्च घेऊन फिरा, मलबार ग्लायडिंग बेडूक पानावर चिकटलेला दिसेल. दिवसा हिरण्यकेशी नदीच्या उगमावर जा. तिथल्या मंदिराच्या कुंडातल्या माशाची वेगळी प्रजाती म्हणून २०२० मध्ये नोंद झाली आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. कुंडात पाय घालू देऊ नका.

जळू ओढायची नाही, मीठही नको. तोंडाच्या बाजूनं नख सरकवायचं, सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, कारण ते गोठू नये असा पदार्थ ती सोडते. धुवा, दाबून धरा, लेकीसमोर किंचाळू नका. परतताना सावंतवाडी स्टेशनवर बूट उलटे करून झटका. माझ्याबरोबर एक जळू थेट ठाण्यापर्यंत आली होती, विनातिकीट.