फोन चोरीला गेला. सरकारी संकेतस्थळाला माहिती द्यावी का?

प्रश्न : प्रवासात माझा मोबाइल चोरीला गेला. पोलीस ठाण्यात तक्रार दिल्यावर तेथील हवालदारांनी चोरीचा फोन बंद पाडण्यासाठी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरही नोंद करायला सांगितले. तेथे आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख) क्रमांक, तक्रारीची प्रत, ओळखपत्र असे बरेच काही मागतात. याच नावाच्या ॲपवरून मोठा गदारोळ झाला होता, म्हणून मन धजावत नाही. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नोंद अवश्य करा, मात्र संकेतस्थळ आणि ॲप यांची गल्लत करू नका. दूरसंचार विभागाने 28 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच घालून देण्यास कंपन्यांना फर्मावले आणि टीकेची झोड उठताच 3 डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली. ॲप फोनमध्येच मुक्कामाला येते आणि अँड्रॉइडवर कॉल व एसएमएसशी संबंधित परवानग्या मागते. त्यामुळे सक्तीवरचा आक्षेप आमच्या मते रास्तच होता. संकेतस्थळाच्या अर्जातून मात्र आपण भरू तेवढीच माहिती जाते, फोनमधले संदेश जात नाहीत.

शिवाय मागितलेली माहिती कामाला धरून आहे. 15 अंकी आयएमईआयशिवाय नेमका कोणता फोन बंद करायचा हे कळणार नाही आणि तक्रारीची प्रत व ओळखपत्र मागितले नाही, तर कोणीही दुसऱ्याचा चालता फोन बंद पाडू शकेल. हा क्रमांक फोनच्या खोक्यावर, बहुधा बिलावरही असतो. ओटीपीसाठी आपल्या जुन्याच मोबाइल नंबरचे नवे सिम आधी घ्या. त्यावर एसएमएस सुरू व्हायला 24 तास लागू शकतात.

संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. त्यातील (सुरुवातीचे ‘https://’ सोडून) पहिल्या तिरप्या रेघेआधीचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असाच हवा. कुलपाचे चिन्ह भामट्यांच्या साइटवरही दिसते.

आपली धास्ती अगदीच अनाठायी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, तरी 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. म्हणून जिथे दुसरे ओळखपत्र चालते तिथे आधार देऊ नये, एवढे पथ्य जरूर पाळावे.

नोंदीनंतर मिळणारा विनंती क्रमांक जपून ठेवा. फोन सापडल्यावर तो पुन्हा सुरू करून घेताना लागतो.