भर उजेडाच्या हॉलमध्ये ओएलईडी की मिनी-एलईडी?

प्रश्न: नमस्कार. आमच्या हॉलला एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आहे, शेजारच्या भिंतीला मोठी खिडकी, दिवसभर नुसता उजेड, घर घेताना हेच बघून भाळलो होतो आणि आता हेच नडतंय. टीव्ही बरोब्बर काचेसमोरच्या भिंतीवर. दहा वर्षांपूर्वीचा एलईडी आहे, दुपारी त्यात चित्र कमी आणि सोफ्यावर बसलेले आम्हीच जास्त दिसतो. नवीन घ्यायचाय, ६५ इंची. भाऊ म्हणतो ओएलईडी सोडून काही बघूच नकोस, दुकानातला मुलगा म्हणाला मिनी-एलईडी घ्या मॅडम, आणि मिस्टर म्हणतात क्यूएलईडी आणि ओएलईडी एकच असतं. सासूबाई दुपारी सिरियल लावतात, मुलं शाळेतून आली की कार्टून, सुट्टीच्या दिवशी मॅच. आम्ही दोघं रात्री अकरानंतर कधीतरी एखादा पिक्चर बघतो. काय घेऊ?

उत्तर: ताई, आधी मिस्टरांचा मुद्दा निकालात काढू. एक नाही. नावं मुद्दाम सारखी ठेवल्यासारखी वाटतात त्यामुळे त्यांची चूक नाही, पण आतून दोन्ही वेगळे. एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी ही तिन्ही भावंडं, मुळात एलसीडीच. म्हणजे मागे दिवे, पुढे लिक्विड क्रिस्टलचा थर, आणि कुठे किती उजेड बाहेर सोडायचा हे तो थर ठरवतो. क्यूएलईडीत मागचे दिवे निळे असतात आणि पुढे क्वांटम डॉटची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांची, पातळ फिल्म, ती त्यातल्या काही निळ्याचा लाल आणि हिरवा करते, रंग जास्त भरदार दिसतात. (या क्वांटम डॉटवर २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय, तेव्हा ते नुसतं मार्केटिंग आहे असं म्हणून उडवून लावू नका.) मिनी-एलईडीत तेच दिवे एकदम बारके आणि संख्येने खूप, त्यांचे शेकडो, भारीतल्या सेटमध्ये हजारो गट केलेले, आणि चित्रात जिथे काळोख आहे तिथला गट मंद करायचा. ओएलईडीत मागे दिवाच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे खरोखर बंद.

आता भाऊ जे म्हणतोय ते खोटं नाहीये. रात्री लाइट बंद करून बघायचं असेल तर ओएलईडीला तोड नाही, मी स्वतः तेच बघतो. पण तुमच्या हॉलचं गणित वेगळं आहे आणि ते एकदा आकड्यात मांडून बघू, अवघड नाही.

स्क्रीनची ब्राइटनेस निट्समध्ये मोजतात आणि खोलीतला उजेड लक्समध्ये. समजा दुपारी तुमच्या टीव्हीच्या काचेवर ३०० लक्स उजेड पडतोय, मोठ्या काचेसमोर एवढा सहज पडतो. स्क्रीन त्यातला समजा २ टक्के उजेड इकडेतिकडे पसरवून परत पाठवते. ३०० चे २ टक्के ६, त्याला ३.१४ ने भागलं की जवळजवळ २ निट्स. म्हणजे टीव्ही बंद असला तरी ती स्क्रीन २ निट्सची राखाडी दिसणार. ओएलईडीचा काळा शून्य आहे हो, पण त्या शून्यावर खोलीने २ निट्सचा पांढुरका थर चढवलाय, आता तो शून्य कुठे राहिला? उरला प्रश्न पांढऱ्याचा. सगळी स्क्रीन उजळ असेल, म्हणजे क्रिकेटचं मैदान किंवा कार्टूनमधलं आकाश, तर बरेच ओएलईडी १५० ते ३०० निट्सच्या आसपास येऊन थांबतात कारण सगळे पिक्सेल एकदम जोरात पेटवले तर वीज आणि उष्णता दोन्ही वाढते, म्हणून टीव्ही स्वतःच हात आखडता घेतो. २०० धरा, भागिले २, कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, तो झाला १०० ला १. चांगला मिनी-एलईडी तीच पूर्ण स्क्रीन ६०० निट्सवर धरू शकतो, भागिले २, ३०० ला १. तिप्पट. रात्री दिवे घालवले की हे सगळं उलटं होतं, पण तुमच्याकडे टीव्ही चालतो दुपारी.

अजून एक गंमत आहे. मिनी-एलईडीची खोड अशी की काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं काही आलं, सबटायटल म्हणा किंवा चंद्र, की त्याभोवती धुकट वलय दिसतं, कारण दिव्यांचा गट पिक्सेलपेक्षा कितीतरी मोठा असतो. अंधारात ते डोळ्यात खुपतं. पण दुपारी स्क्रीनवर आधीच २ निट्सची राख पसरलेली आहे, त्यात ते वलय कुणाला दिसणार? म्हणजे भर उजेडात ओएलईडीचा मोठा गुण झाकला जातो आणि मिनी-एलईडीचा मोठा दोषही झाकला जातो. दुकानातल्या मुलाने हे सांगितलं नसेल पण सल्ला बरोबर दिलाय.

फक्त बॉक्सवरच्या आकड्याला भुलू नका. २००० निट्स, ३००० निट्स असं ठळक छापलेलं असतं तो बहुतेक वेळा पीक आकडा, स्क्रीनचा छोटासा तुकडा, साधारण दहावा भाग, थोडा वेळ उजळून मोजलेला. तुम्हाला हवाय तो पूर्ण पांढऱ्या स्क्रीनचा आकडा, तो बॉक्सवर सापडत नाही, मोजमाप करून लिहिलेल्या रिव्ह्यूमधे सापडतो. आणि नुसतं मिनी-एलईडी लिहिलंय म्हणून समाधान मानू नका, स्वस्तातल्या सेटमधे गट इतके थोडे असतात की नाव मोठं लक्षण खोटं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आणि यात लोक हमखास चुकतात. वर धरलेला २ टक्के उजेड हा पसरलेला, त्याने चित्र फिकट होतं. पण तुमची खरी तक्रार आरशाची आहे, "आम्हीच जास्त दिसतो" हे तुमचंच वाक्य. आकाश दिसणारी खिडकी स्वतः हजारो निट्सची असते. समजा ३०००. चकचकीत स्क्रीनने त्यातला १ टक्का जरी सरळ परत फेकला तरी चित्रावर ३० निट्सची एक अख्खी खिडकी उमटते, चौकटीसकट. अंधाऱ्या सीनमधले बारकावे असतात १-२ निट्सचे, ते त्या खिडकीखाली गेलेच म्हणून समजा, मग टीव्ही कितीही महागाचा असो.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं काम हे करा, आवडलेला टीव्ही बंद करायला लावा. हो, बंद. आणि समोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनकडे धरा. काही स्क्रीनमधे तुमचा हात, मोबाइल, मागच्या ट्यूबलाइट सगळं लख्ख दिसेल. चांगला अँटी-रिफ्लेक्टिव्ह थर असेल तर टॉर्चचा ठिपका मंद आणि निळसर-जांभळा होतो, तुम्ही स्वतः सावलीसारखे दिसता. मॅट स्क्रीनवर ठिपकाच राहत नाही, एक पसरट धुरकट डाग पडतो. मॅटमधे आरसा जातो पण तो उजेड सगळीकडे पसरतो आणि काळा थोडा करडा होतो, हे फुकट मिळत नाही. सॅमसंगने २०२४ मधे आपल्या वरच्या श्रेणीतल्या एका ओएलईडीला मॅट थर दिला तेव्हा यावरूनच लोकांमधे दोन तट पडले, काहींना आरसा गेल्याचा आनंद, काहींना काळा गेल्याचं दुःख. तुमच्यासारख्या काचेसमोरच्या भिंतीला मी मॅटच्या बाजूने आहे. आणि क्यूडी-ओएलईडी नावाचा जो प्रकार आहे त्यात बाहेरचा उजेड शोषून घेणारा नेहमीचा थर, म्हणजे पोलरायझर, नसतो, त्यामुळे उजेडात त्याचा काळा जांभळट-राखाडी दिसतो. रंग अप्रतिम, पण दिवसाच्या हॉलचा तो गडी नव्हे.

बसण्याचा कोन पण बघा. एलसीडी पॅनलचे मुख्य प्रकार दोन, व्हीए आणि आयपीएस. सासूबाई बाजूच्या खुर्चीत बसत असतील तर व्हीए पॅनलचा एलसीडी तिरका बघितला की फिका पडतो. आयपीएस पॅनल बाजूने चांगला दिसतो पण समोरून त्याचा काळा कच्चा. ओएलईडीला ही अडचण जवळजवळ नाही, इथे मात्र भावाला एक मार्क. काही महागड्या व्हीए सेटमधे कोन रुंद करणारा थर असतो, दुकानात दोन पावलं बाजूला सरकून बघितलं की लगेच कळतं.

आणि एक फुकटातला उपाय, भिंत बदलून बघा. टीव्ही काचेसमोर असणं ही सगळ्यात वाईट जागा. काचेला काटकोनात असलेल्या भिंतीवर नेला तर आरसा बराच जातो, फक्त तुमच्या दुसऱ्या खिडकीसमोर येणार नाही एवढं बघा. काचेकडे पाठ करून टीव्ही ठेवायचा विचारही नको, मागून येणाऱ्या उजेडाने डोळे दिपतात आणि चित्र काळवंडतं. भिंत बदलता येत नसेल तर पातळ पडदा, ३०० लक्सचे १०० झाले की वरच्या हिशोबात कॉन्ट्रास्ट तिप्पट होतो, म्हणजे ओएलईडीवरून मिनी-एलईडीवर जाऊन जेवढं मिळवलं तेवढंच एका पडद्याने. थेट ऊन मात्र कुठल्याही स्क्रीनवर पडू देऊ नका, मॅन्युअलमधे पण तसं लिहिलेलं असतं, पॅनल तापतं आणि कालांतराने खराब होतं.

तर माझं मत, मिनी-एलईडी, स्क्रीन मॅट किंवा चांगल्या अँटी-रिफ्लेक्टिव्ह थराची, पूर्ण स्क्रीन ५००-६०० निट्स तरी धरणारी. रात्री अकराच्या पिक्चरला ती ओएलईडीपेक्षा थोडी कमी पडेल. ते सोसा, कारण दिवसाचे सात-आठ तास ती सासूबाईंना आणि मुलांना नीट दिसणार आहे. ओएलईडीवर चॅनलचा लोगो रोज तासन्‌तास एकाच जागी राहिला तर त्याची छाप पडण्याची धास्तीही असते, नवीन सेटमधे ती बरीच कमी झालीय, पण उजेडामुळे ब्राइटनेस कायम फुल ठेवणाऱ्या घरात मी ती धास्ती विसरणार नाही.

प्रश्न: दुकानात झकास दिसणारा टीव्ही घरी आणला तर एकदम मंद. बदलून दिला की काय अशी शंका येतेय. आमचीही खोली उजेडाचीच आहे.

उत्तर: बदललेला नाही, निश्चिंत राहा. दुकानात सेट स्टोअर मोडमधे असतात, ब्राइटनेस आणि रंग दोन्ही टोकाला. घरी पहिल्यांदा सुरू करताना आपण होम मोड निवडतो आणि त्यात बरेचदा वीज वाचवायचं सेटिंग आपोआप चालू होतं. ते मेनूमधे एनर्जी सेव्हिंग, इको किंवा तशाच नावाने असेल, बंद करा. मग बॅकलाइट, म्हणजे मागच्या दिव्यांचा उजेड, वाढवा, ओएलईडी असेल तर त्याला पिक्सेल ब्राइटनेस किंवा तसंच काहीतरी नाव असतं. ब्राइटनेस नावाचं जे बटण आहे ते काही कंपन्यांच्या सेटमधे काळ्याची पातळी बदलतं, ते वाढवलंत तर चित्र उजळ नाही, धुतल्यासारखं होईल. मी स्वतः नवा टीव्ही आणल्यावर दोन आठवडे तेच बटण वरखाली करत बसलो होतो आणि कंपनीला शिव्या घालत होतो.

फिल्ममेकर मोड, म्हणजे दिग्दर्शकाला हवं तसं चित्र दाखवणारं सेटिंग, दिवसा लावू नका, तो मंद खोलीसाठी बनवलाय. साध्या, म्हणजे एचडीआर (उजळ आणि गडद भागांत जास्त फरक दाखवणारा प्रकार) नसलेल्या व्हिडिओचं स्टुडिओतलं प्रमाणच १०० निट्सचं, तेही अंधाऱ्या खोलीत, तुमच्या दुपारला ते पुरणार कसं? दिवसासाठी स्टँडर्ड, रात्रीसाठी फिल्ममेकर किंवा सिनेमा असे दोन मोड ठरवून घ्या. डॉल्बी व्हिजन आयक्यू (डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर चालू ठेवा, तो सेन्सरने खोलीतला उजेड बघून डॉल्बी व्हिजनचं चित्र जुळवतो, तो सेन्सर शोभेच्या वस्तूमागे झाकला गेला नाही ना तेवढं बघा.

प्रश्न: नवीन टीव्ही घेण्यापेक्षा जुन्यावरच अँटी-ग्लेअर फिल्म चिकटवली तर?

उत्तर: मी नाही चिकटवणार. मोठ्या स्क्रीनवर बुडबुडे न येता ती बसवणं कठीण, अक्षरांची धार जाते, आणि काढताना मूळ थर सोलला गेला तर टीव्ही हातचा जाईल. समोर लटकवायची अ‍ॅक्रेलिकची शीट मिळते ती तर त्याहून वाईट, मधे हवेची फट राहते आणि शीटच्या दोन्ही बाजू वेगवेगळं प्रतिबिंब दाखवतात, एका खिडकीच्या दोन होतात. त्यापेक्षा भिंतीचा ब्रॅकेट बदला, स्क्रीन किंचित खाली झुकवता येईल असा घ्या. खिडकीचं प्रतिबिंब वरच्या भागात पडत असेल तर थोड्याशा झुकावाने परतणारा उजेड खाली जमिनीकडे वळतो आणि ते सोफ्यावरून दिसेनासं होतं. आधी ब्रॅकेट न बदलता करून बघा, एकाला टीव्ही वरून हलकेच पुढे धरायला सांगा आणि तुम्ही नेहमीच्या जागी जाऊन बसा.